ग्लोबल बिझनेसची तोंडओळख: पुस्तक बाजूला ठेवून द्राक्षाचा एक कंटेनर शिकवला तर?

कडूगोड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

या जूनपासून बी.बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा 'ग्लोबल बिझनेस'चा पेपर माझ्या गळ्यात पडलाय. अभ्यासक्रम नेहमीचाच. जागतिकीकरणाची व्याख्या, त्याचे फायदे-तोटे, व्यापाराचे सिद्धांत, डब्ल्यूटीओ, परकीय चलन, परदेशी बाजारात शिरायचे मार्ग, सांस्कृतिक फरक, आणि वेळ उरलाच तर नैतिकता. मुलं सगळं पाठ करतात, पेपरात सहा-सहा मुद्दे खरडतात, आणि पुढच्या वर्षी एफओबी ही विक्रीची अट म्हणजे काय विचारलं तर फुल फॉर्म सांगून गप्प बसतात.

यंदा मला वेगळं काही करून बघायचंय. अख्खं सत्र एकाच कंटेनरच्या मागे लागायचं. निफाड-दिंडोरी पट्ट्यातली द्राक्षं, चाळीस फुटी रीफर (माल थंड ठेवणारा कंटेनर), मुंबईजवळचं न्हावा शेवा बंदर ते हॉलंडातलं रॉटरडॅम. कंटेनर जिथे पोचेल तिथला विषय त्या आठवड्यात घ्यायचा. आणि प्रत्येक तासाला फळ्यावर एकच प्रश्न लिहायचा: माल या घडीला सडला, तर पैसे कोणाचे बुडतात?

गावातल्या गावात व्यवहार फिसकटला तर माणूस जाऊन दारात बसतो, मधला ओळखीचा असतो, फारच झालं तर तालुक्याचं कोर्ट. देशाबाहेर कायदा निराळा, चलन निराळं, समोरच्याचं तोंड कधी पाहिलेलं नाही आणि माल तीन आठवडे पाण्यावर. अशा वेळी नुकसान कोणाच्या अंगावर पडणार हे आधीच ठरवून ठेवायची जी काही सोय माणसांनी केली, ती म्हणजे हा विषय, असं माझं मत आहे. सिद्धांत, संस्था, करार हे सगळं त्यात आपापल्या जागी येईल.

इथे शेतकरी, शिपिंगवाले, बँकवाले, मास्तर सगळेच आहेत. हे चालेल का? काय निसटेल?

निफाडकर

मॅडम, पहिल्याच तासाला उत्तर लिहून टाका. पैसे आमचेच बुडतात. कोर्स संपला, मुलांना सुट्टी द्या.

गंमत सोडा. युरोपचा बराचसा माल पक्क्या भावाने जातच नाही हे आधी सांगा. एक तर कन्साइनमेंटवर, नाहीतर मिनिमम गॅरंटीवर, म्हणजे खालची किंमत तेवढी ठरलेली. तिकडचा आयातदार माल विकतो, त्याचं कमिशन, कोल्ड स्टोअरचं भाडं, रिपॅकिंग कापतो, राहील ते निर्यातदाराला. निर्यातदार त्याचं कापतो, राहील ते आम्हाला. जहाजाच्या कागदावर आमचं नाव कुठेच नसतं, पण तिकडे मणीगळ झाली की आमची पट्टी, म्हणजे हिशोबाअंती हाती येणारी रक्कम, इकडे बारीक होते.

आणि कंटेनरपासून सुरू करू नका, प्लॉटपासून करा. प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, काढणीआधी रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, नमुना. अपेडा या सरकारी निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही नोंदीची प्रणाली २००६ ला आली, तेव्हापासून पेटी कुठल्या प्लॉटची हे तिकडे बसून शोधता येतं. मग २०१० ची गोष्ट सांगा. सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड. एप्रिल छाटणीनंतर शेंडा थांबावा आणि काडीत घड तयार व्हावा म्हणून मारायचं औषध. आपल्याकडे तपासायच्या यादीत ते नव्हतंच. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. इथले रिपोर्ट स्वच्छ, तिकडच्या प्रयोगशाळेने नेमकं तेच शोधलं आणि कंटेनर अडकले. आता ठरवा दोष कोणाचा. शेतकऱ्याने नेहमीचं औषध मारलं, लॅबने यादीतलं तपासलं, निर्यातदाराने सर्टिफिकेट बघून माल भरला. ज्याचं त्याचं काम चोख, आणि माल बंदरात पडून.

आधीच्या एप्रिलमध्ये मारलेलं औषध पुढच्या वर्षी हॉलंडात सापडतं. ग्लोबल बिझनेस आणखी काय असतो?

शेवा_गेटइन

कस्टम ब्रोकरच्या ऑफिसात आयुष्य गेलंय, त्यामुळे धागा पाहून राहवलं नाही.

कडूगोड, तुमचा तो फळ्यावरचा प्रश्न झकास आहे, पण त्याचं उत्तर मुलांना वाटतं तसं निघत नाही, तिथेच मजा आहे. सीआयएफ ही विक्रीची अट घ्या. विक्रेता रॉटरडॅमपर्यंतचं भाडं भरतो, विमाही तोच काढतो. मग वाटेत माल गेला तर कोणाचा? दहापैकी नऊ जण म्हणतील विक्रेत्याचा. चूक. इन्कोटर्म्सप्रमाणे, म्हणजे विक्रीच्या अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, न्हावा शेव्याला माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे गेली. भाडं एकाने भरायचं, जोखीम दुसऱ्याने वाहायची. एफओबीतही जोखीम तिथेच बदलते, फक्त भाडं आणि विमा कोणाचा हे वेगळं. हे एकदा डोक्यात बसलं की पोरगं अर्ध्या निर्यातदारांपेक्षा हुशार झालं समजा.

त्यातही पुढची पायरी. कंटेनरच्या मालाला एफओबी नीट लागूच पडत नाही. तुम्ही कंटेनर टर्मिनलच्या गेटात सोडता, तो दोन-चार दिवस यार्डात प्लगला लावून उभा असतो, मग जहाजावर चढतो. त्या मधल्या दिवसांत प्लग निघाला तर? माल तुमच्या ताब्यात नाही, जोखीम मात्र तुमचीच. म्हणून आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्स कंटेनरसाठी एफसीए (माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम बदलते) वापरा म्हणून सांगत असतं. बाजार ऐकत नाही. बिलावर आजही सर्रास एफओबीच छापलेलं दिसेल.

आता विमा. सीआयएफमध्ये विक्रेत्यावर बंधन आहे ते सगळ्यात हलक्या विम्याचं, इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस सी. आग, जहाज बुडणं, रुतणं, टक्कर, असल्या मोठ्या गोष्टी. रीफरचं मशीन बंद पडलं हे त्यात नाही, ते जास्तीचं घ्यावं लागतं. आणि सगळ्यात वरचा ए क्लॉज घेतला तरी त्यात एक ओळ असते: उशिरामुळे झालेलं नुकसान मिळणार नाही, मग तो उशीर विम्यातल्या कारणाने झाला असला तरी. ही ओळ मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. नोव्हेंबर २०२३ नंतर तांबड्या समुद्रात हौथींचे हल्ले सुरू झाले, जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. द्राक्षाचा हंगाम नेमका त्यावर. माल बुडाला नाही, जळला नाही, मशीनही चालू. नुसता म्हातारा होऊन पोचला. विमावाल्याकडे काय मागणार?

पानशेत_एक्सप्रेस

शेवा_गेटइन, तो शेवटचा परिच्छेद वाचून आमच्या घरी एका निर्यातदाराने नुकताच नि:श्वास सोडला. +१

जुनाखडू

मी हा विषय बरीच वर्षं शिकवला आणि निवृत्त झालो, म्हणून थोडं कडक बोलतो. कडूगोड, तुम्ही जे मांडताय तो निर्यात-प्रक्रियेचा डिप्लोमा आहे. ग्लोबल बिझनेस नव्हे. कंपनी मुळात परदेशात जाते का? निर्यात न करता तिथे कारखाना का घालते? परवाना का देते, भागीदार का शोधते? याचं उत्तर तुमच्या रीफरमध्ये नाही. डनिंगची परदेशी गुंतवणुकीची चौकट नाही, व्हर्ननचं उत्पादन-जीवनचक्र नाही, उप्सालावाल्यांचं टप्प्याटप्प्याने परदेशात जाणं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाला नकाशा द्यायचा असतो. तुम्ही त्याला एका गल्लीत नेऊन सोडताय.

रिकार्डोच्या तुलनात्मक लाभाच्या सिद्धांताचं काय करणार? १८१७ सालचं उदाहरण आहे. पोर्तुगालला कापडासाठी ९० माणसं लागतात, दारूसाठी ८०. इंग्लंडला १०० आणि १२०. दोन्हींत पोर्तुगाल सरस, तरी दोघांनी वाटून घेतलं तर दोघांचंही भलं. हा विचार कळला नाही तर पुढचं सगळं कारकुनी आहे. आणि तो कंटेनरवर लिहिलेला नसतो.

कडूगोड

सर, मी तुमच्याच प्रतिसादाची वाट बघत होते.

रिकार्डो मी सोडणार नाहीये, पण तो कंटेनर रॉटरडॅमला लागल्यावर घेईन. त्याच गोदामात शेजारी चिलीची, पेरूची, दक्षिण आफ्रिकेची द्राक्षं असतात. आता विचारायचं, नाशिकची द्राक्षं तिथे टिकतात ती कशाच्या जोरावर? मजुरी, हवामान, फेब्रुवारी ते एप्रिलची खिडकी. आणि मार कुठे खातात? त्या तिन्ही देशांचे युरोपशी वर्षानुवर्षांचे व्यापार करार, त्यामुळे शुल्कात सवलत. आपल्या मालाला तेवढी सवलत वर्षानुवर्षं नव्हती. म्हणजे वेलीने दिलेला फायदा सहीने खाल्ला.

आणि हे रिकार्डोच्या उदाहरणातही आहेच की. कापड आणि दारू हीच जोडी त्याला का सुचावी? इंग्लंड-पोर्तुगालचा १७०३ चा मेथुएन करार: पोर्तुगालने इंग्रजी लोकरी कापड आत घ्यायचं, बदल्यात पोर्तुगीज दारूला इंग्लंडात फ्रेंच दारूपेक्षा एक तृतीयांश कमी शुल्क. म्हणजे रिकार्डोने गणित मांडलं तेव्हा त्या दोन देशांतला व्यापार शतकभर कराराच्या वळणाने वाहत होता. सिद्धांत खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण आकडे आणि करार शेजारी शेजारी ठेवले तर मुलांना दोन्ही जास्त कळतील.

परवाना आणि परकीय गुंतवणूक द्राक्षात नाही म्हणता, तर तिथे मात्र मी भांडणार. निफाडकरदादा, द्राक्षाच्या आरा जातींबद्दल तुम्हीच सांगा.

निफाडकर

सांगतो. आपला थॉमसन, सोनाका, माणिक चमन कोणीही लावा, काडी शेजाऱ्याकडून आणा. पण नव्या रंगीत-बिनबियांच्या परदेशी जाती पेटंटसारख्या हक्काच्या असतात. आरा त्यातलीच. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीने त्या जाती इथे आणल्या. अशा जातीची काडी मनाने घ्यायची नाही, मनाने वाढवायची नाही, हक्काचे पैसे द्यायचे. जात आपल्या मातीत, घाम आपला, आणि मूळ हक्क बाहेरच्या ब्रीडरचा. गावात यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो कशाला पैसे द्यायचे, दुसरा म्हणतो थॉमसनचा घड तिकडच्या शेल्फवर आता जुना झाला, नवं हवं तर मोजा. मी दुसऱ्या तटातला, पण रोप लावताना हात आखडतोच.

गुंतवणुकीचं म्हणाल तर २०२२ ला सह्याद्रीत ३१० कोटी रुपये युरोपातून आले. इनकोफिन, कोरिस, एफएमओ, प्रोपार्को. त्यातली एफएमओ हॉलंडची विकास बँक आणि प्रोपार्को फ्रान्सची. म्हणजे आमची द्राक्षं खाणारा देशच आमच्या पॅकहाऊसमध्ये पैसे लावतो. सर, हे तुमच्या डनिंगमध्ये कुठे बसतं ते तुम्ही सांगा, मला खरंच ऐकायचंय.

जुनाखडू

निफाडकर, विकेट घेतलीत. तरी सांगतो. डनिंगचा प्रश्न असा की कंपनीकडे स्वतःचं असं काय आहे, जागेचा फायदा काय आहे, आणि ते काम बाजारातून करून घेण्यापेक्षा स्वतःच्या छपराखाली का करायचं. आराच्या ब्रीडरकडे जात आहे, नाशिककडे माती आणि ऊन आहे, पण त्याने इथे शेत घेतलं नाही, परवाना दिला. का? इथला कायदा, विखुरलेली शेती, आणि छाटणीचं कसब जे विकत घेऊन येत नाही. झालं, तिन्ही प्रश्न आले. एफएमओचं प्रकरण वेगळं. विकास बँक बाजार मिळवायला येत नाही, तिचे हेतू निराळे, त्यामुळे तिला या चौकटीत कोंबू नका.

ठीक आहे. गल्ली वाटली होती त्यापेक्षा रुंद निघाली. पण राजकीय जोखमीला द्राक्ष पुरणार नाही. तिथे दाभोळचा वीजप्रकल्प घ्याच. १९९२ ला एन्रॉनशी सामंजस्य करार, १९९५ ला राज्यात सरकार बदललं आणि प्रकल्प रद्द, मग फेरवाटाघाटी, १९९९ ला पहिल्या टप्प्याची वीज सुरू, २००१ ला बंद, आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेत खुद्द एन्रॉनचं दिवाळं. विजेचा दर डॉलरशी बांधलेला, घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे, वर केंद्राची प्रतिहमी. तुमचा फळ्यावरचा प्रश्न इथे लावून बघा. मुलांच्या आई-वडिलांनी ती भांडणं वर्तमानपत्रात वाचली आहेत, घरी विचारायला सांगा.

लासलगाव_लोकल

दाभोळ कशाला, कांदा आहे ना घरचा. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी, ४ मे २०२४ ला उठवली ती टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. ज्याने नोव्हेंबरात दुबईच्या गिऱ्हाइकाला शब्द दिला त्याने काय करायचं? करारात फोर्स मेज्युअर (हाताबाहेरच्या कारणासाठी सूट देणारं कलम) असेल तर दंड वाचेल, गिऱ्हाईक वाचत नाही. ते गेलं पाकिस्तानी नाहीतर इजिप्तच्या कांद्याकडे, परत यायला भाव पाडून मागतं. तोटा बंदीच्या दिवशी मोजता येत नाही, तो पुढच्या हंगामात कळतो.

मासवाली_नदी

मी हॉलंडात, रॉटरडॅमच्या दक्षिणेला राहते. बारेंद्रेख्त आणि रिडरकेर्क इथे फळ-भाज्यांच्या आयातदारांची गोदामं एकमेकांना खेटून आहेत. मी त्यातल्याच एका ठिकाणी दर्जा तपासणीत काम करते, त्यामुळे कंटेनर उघडतो तो क्षण सांगू शकते.

दार उघडलं की आधी डेटा लॉगर काढायचा. सगळ्या प्रवासाचा तापमानाचा आलेख त्यात असतो. मग दाराजवळच्या, मधल्या आणि आतल्या पॅलेटवरून पेट्या उचलायच्या. पनेट (छोटा डबा) उघडून घड दांड्याला धरून उचलायचा आणि हलकेच हलवायचा. किती मणी गळतात ते मोजायचं. मग दांडा बघायचा. हिरवा असेल तर ताजा, तपकिरी पडला असेल तर माल वाटेत सुकलाय. देठापाशी मण्यावर पांढरट डाग असेल तर सल्फरच्या पॅडने चटका दिलाय. मग रस काढून रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी. प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाचा आकडा. हा अहवाल नाशिकला जातो आणि निफाडकर म्हणतात ती पट्टी तिथून बारीक व्हायला लागते. लॉगरचा आलेख सरळ असेल तर शिपिंग लाइन जबाबदार नाही, म्हणजे माल भरतानाच थकलेला होता. आलेखात उंचवटा असेल तर तो कुठल्या तारखेचा, तेव्हा कंटेनर कोणाच्या ताब्यात, यावर महिनोन्‌महिने मेलामेली. कडूगोड, तुमच्या मुलांना असा एक आलेख द्या आणि सांगा, दोषी शोधा.

सांस्कृतिक फरकाच्या धड्यात हॉफस्टेडे असणारच. त्याने आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावल्यांवरून काढलेला सत्ता-अंतराचा (वरिष्ठ-कनिष्ठ हे अंतर लोक किती मान्य करतात त्याचा) आकडा: भारत ७७, नेदरलँड्स ३८. माझा अनुभव त्याला धरूनच आहे. इथला खरेदीदार "हा माल मला नको" असं एका ओळीत लिहितो आणि पुढच्याच ओळीत पोरांच्या फुटबॉलबद्दल विचारतो. त्याच्या मनात राग नसतो. इकडून निर्यातदार मात्र "साहेब नाराज आहेत" म्हणून दोन दिवस गप्प, आणि त्या दोन दिवसांत माल आणखी उतरतो. पण मुलांना हेही सांगा की ते आकडे एकाच कंपनीच्या लोकांचे, तेही १९६७ ते ७३ च्या आसपासचे. माझ्या ऑफिसात सुरिनामी हिंदुस्तानी आहेत, पोलिश आहेत, मोरोक्कन आहेत. ३८ यातल्या कोणाचा?

अजून एक. भारताची द्राक्ष निर्यात 'नेदरलँड्सला' सगळ्यात जास्त असं मुलं वाचतील. डच माणसं एवढी द्राक्षं खात नाहीत हो. इथून ती ट्रकने जर्मनीला, पोलंडला, स्कँडिनेव्हियाला जातात. आकडेवारीत गिऱ्हाईक म्हणून दिसतं ते बंदर.

बँकेतलाकाका

कोणी पैशाचं बोललंच नाही. एलसी, म्हणजे बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र, शिकवाल तर त्याच्या नियमांचं, यूसीपी ६०० चं, पाचवं कलम आधी वाचा: बँका कागदपत्रांशी व्यवहार करतात, मालाशी नाही. माल सोन्यासारखा असला आणि कागदावर नाव चुकलं तर पैसे अडतात. माल कचरा असला आणि कागद बरोबर असतील तर पैसे सुटतात. मात्र द्राक्षात एलसी क्वचितच. कन्साइनमेंटला एलसी कसला, किंमतच ठरलेली नाही! तिथे भरवसा ईसीजीसीवर. १९५७ पासून निर्यातदाराचा उधारीचा विमा उतरवणारी सरकारी कंपनी. खरेदीदाराचं दिवाळं निघालं तर ती भरपाई देते. पण तो "माल खराब आला म्हणून देत नाही" म्हणाला, की तो दर्जाचा तंटा; तो विम्यात बसत नाही, आधी निकाल लावून या. मासवाली_नदीताईंचा अहवाल म्हणूनच इतका महागाचा.

चलनाबद्दल एकच: पैसे युरोत, खर्च रुपयात, मध्ये दोन-तीन महिने. फॉरवर्ड कव्हर घ्यायचं, म्हणजे पुढे येणाऱ्या युरोचा दर आजच बांधून ठेवायचा, की नाही यावर मुलांना दोन गट करून भांडू द्या. कन्साइनमेंटमध्ये किती युरो येणार हेच ठाऊक नसतं, मग किती विकून ठेवणार?

टीवायची_तनू

मी हा पेपर मागच्या वर्षी दिला. मॅम, सगळं भारी आहे पण परीक्षेत "जागतिकीकरणाचे कोणतेही पाच फायदे लिहा" आलं तर? आमच्या बॅचमध्ये एका सरांनी असंच काहीतरी वेगळं शिकवलं होतं, सगळे खूश होते, आणि मग युनिव्हर्सिटीचा पेपर आला.

कडूगोड

तनू, रास्त भीती आहे. आमचं कॉलेज स्वायत्त आहे, पेपर मीच काढणार, म्हणून हिंमत करतेय. संलग्न कॉलेजात मी हे केलं नसतं.

हिंजवडीचा_बैल

सेवाक्षेत्र विसरलात सगळे. आमच्या धंद्यात कंटेनरच नाही. कोड पुण्यात लिहितो, बिल न्यू जर्सीला. या वर्गातली निम्मी पोरं शेवटी इकडेच येणार आहेत. बंदराचं नाव तरी त्यांना कधी लागणार आहे?

शेवा_गेटइन

लागेल. तुमच्या क्लायंटचा माल कुठल्यातरी बंदरात अडकला की तुमचं प्रोजेक्ट होल्डवर जातं.

पण खरं उत्तर असं की जहाजाचं उदाहरण सेवाक्षेत्राचंच आहे. एव्हर गिव्हन आठवतंय? २३ मार्च २०२१ ला सुएझमध्ये आडवं झालं, सहा दिवस. मालक जपानी, चालवणारी तैवानची एव्हरग्रीन, झेंडा पनामाचा, तांत्रिक व्यवस्थापन जर्मन कंपनीचं, वरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय, निघालं होतं रॉटरडॅमला. सुटल्यावरही इजिप्तने नुकसानभरपाईसाठी जुलैपर्यंत अडकवून ठेवलं. आणि मालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. म्हणजे काय, तर जहाज आणि माल वाचवायला जो असाधारण खर्च झाला त्यात ज्यांचा माल धडधाकट आहे त्यांनीही आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटा उचलायचा. हमी दिल्याशिवाय कंटेनर मिळत नाही. मुलांना हे पटतच नाही, "आमचा काय संबंध" म्हणतात. हा नियम सागरी व्यापारात प्राचीन काळापासून चालत आलाय. आणि हा ए, बी, सी तिन्ही क्लॉजमध्ये बसतो, म्हणून तो हलका विमा तरी काढायचाच.

कागदाचं महत्त्व कळायला आंबा घ्या. मे २०२५ ला विमानाने अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या पंधराएक खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटाला नाकारल्या गेल्या. आंब्याला विकिरण दिलेलं होतं, तक्रार त्याच्या कागदातल्या नोंदींची होती. परत आणायचा खर्च परवडेना, तिथेच नष्ट केला.

निफाडकर

सगळं ठीक, पण मॅडम, तुमचं सत्र जून ते नोव्हेंबर ना? तेव्हा द्राक्ष कुठे आहे? जूनला बागेत नुसती काडी. ऑक्टोबर छाटणी होईल, डोळे फुटतील, फुलोरा येईल तोवर तुमची परीक्षा. माल निघायला जानेवारी-फेब्रुवारी. मुलांना दाखवणार काय?

कडूगोड

अरे देवा. हे खरंच अडचणीचं आहे.

जुनाखडू

अडचण कसली, उत्तम आहे. पहिलं सत्र निर्णयांचं ठेवा. कुठली जात, कुठली बाजारपेठ, युरोप की बांगलादेश, कोणतं औषध मारायचं आणि कोणतं नाही, कोणाशी कुठल्या अटीवर करार. सगळी जोखीम तेव्हाच अंगावर घेतली जाते, कंटेनर भरताना नाही. मग जानेवारीत, पेपर होऊन गेल्यावर, ज्याला खरंच रस असेल तो येईल पॅकहाऊस बघायला. न येणाऱ्यांना तसंही काही दाखवून उपयोग नव्हता. बांगलादेश मात्र वगळू नका. त्यांनी आयातशुल्क वाढवत नेलं की इथला भाव कसा बसतो हे नागपूरच्या संत्रावाल्यांनाही विचारा. सीमेवरच्या पेट्रापोलच्या नाक्यावरून ट्रकने जाणारा माल, ना रीफर, ना बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती). तोही ग्लोबल बिझनेसच.

निफाडकर

बरोबर बोलले सर. आणि प्लॉट नोंदणीच्या वेळी मुलं आली तर फवारणीची वही मी उघडून देईन. फक्त चाळीस जण एकदम आणू नका, ओळीतून चालताना काडीवरचे डोळे मोडतात.

लासलगाव_लोकल

नाहीतर बेदाणा घ्या. तासगाव, बारमाही, सडत नाही. कस्टमचा कोड पण शेजारचाच, ताजं द्राक्ष ०८०६ १०, सुकं ०८०६ २०.

कडूगोड

सडत नाही तर माझ्या प्रश्नाचं काय होणार? पण शेवटच्या आठवड्यात तुलनेला घेईन. तोच मणी, नुसता सुकवला तर विमा, भाडं, घाई, भाव ठरवायची ताकद, सगळं कसं बदलतं ते मुलांनीच मांडायचं. हिंजवडीचा_बैल, तुमच्यासाठीही तास ठेवते, तुम्हीच घ्या. क्लायंटच्या कराराची जबाबदारीची कलमं, नावं झाकून.

शेवा_गेटइन, कोऱ्या किंवा नावं खोडलेल्या कागदांचा एक संच मिळेल का? शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, फायटो सर्टिफिकेट (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला), विम्याचा कागद, जमेल तेवढं.

शेवा_गेटइन

देतो. बिल ऑफ लेडिंगच्या पाठची बारीक छपाईची बाजूही स्कॅन करतो, सगळे पुढचीच देतात. त्यासोबत २०२५ चा नवा बिल्स ऑफ लेडिंग कायदाही वाचायला ठेवा, १८५६ चा त्याने मोडीत काढला आणि तो अगदी थोडक्यात आहे. मेल आयडी व्यनि करा. सोमवारी जहाजाचा कट-ऑफ आहे, तो गेला की मंगळवारी बसून खोडाखोड करतो.

मासवाली_नदी

लॉगरच्या आलेखाचे दोन नमुने मीही देते, एक सरळ आणि एक उंचवट्याचा. उंचवट्याचा नेमका यार्डातल्या दिवसांचा आहे, शेवा_गेटइन म्हणतात त्या प्लगच्या वेळचा. अट एफओबी होती. उत्तर मुलांना आधी सांगू नका.